गिटारमागची घुं

रेकॉर्डिंगच्या धंद्यात माणूस संशयी होतो. लोक गाणं ऐकतात, आम्ही गाण्याच्या मागचं ऐकतो. सगळे माना डोलवत असतात आणि माझ्या डोक्यात चाललेलं असतं की पंखा बंद केला होता ना? कुणाच्या बांगड्या वाजल्या का? शेजारी ग्राइंडर लागला का? मी मुळात भित्रा, त्यात हा धंदा. त्यामुळे संपादकांनी "कामातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा पहिला संशय त्यांच्यावरच आला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला दिवाळी अंकात कोण लिहायला सांगतं? दुसरं कुणी मिळालं नसेल. पण ज्यांच्या घरी मी राहतो त्या चाची म्हणाल्या, "लिही की. त्या निमित्तानं आमचं पण नाव छापून येईल." म्हणून लिहायला बसलो.

मी दर्यापूरकडचा. तिथून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं धरायचं. शाळा सुटली ती एका ऑर्केस्ट्राच्या टेम्पोमागं. स्पीकर उचलायचे, वायरी गुंडाळायच्या, स्टेजखाली झोपायचं. हा ऑर्केस्ट्रा कोल्हापुरात आला आणि मालक-गायकांचं भांडण होऊन इथंच फुटला. जो तो आपापल्या गावी गेला. आमचा एक बिघडलेला अँप्लिफायर तेवढा उचगावात उस्मानचाचांकडे दुरुस्तीला होता. तो आणायला मला पाठवलं होतं. अँप्लिफायर न्यायला पुढं कुणी आलं नाही. मलाही.

चाचांनी काही विचारलं नाही. चाचींनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "मी सांगतो तुला, आधी जेव, मग रड." बाई असून "सांगतो" कशा म्हणतात, याचंच मला इतकं नवल वाटलं की रडायचं राहून गेलं. इकडं बायका असंच बोलतात हे नंतर कळलं. त्यांच्या मागच्या खोलीत मी राहिलो तो आजतागायत. पण एक सांगतो, त्या खोलीतल्या खाटेखाली माझी कापडी पिशवी कायम भरलेली असायची. दोन शर्ट, एक पँट, टॉवेल. उद्या जा म्हणाले तर उशीर नको.

चाचा रेडिओ-अँप्लिफायरचे कारागीर. पुढं त्यांनी रस्त्याकडच्या खोलीला आतून गाद्या ठोकून स्टुडिओ केला. भजनी मंडळं, पोवाडे, निवडणुकीच्या जाहिराती, नवरीच्या मैत्रिणींनी लिहिलेली गाणी, सगळं तिथं झालं. मला त्यांनी एक नियम शिकवला. आवाजात खोट आली की "आधी वायर, मग माणूस." म्हणजे संशय आधी वायरीवर घ्यायचा. सगळ्या वायरी निर्दोष सुटल्या तरच माणसाकडं बघायचं.

आता जरा धंद्याचं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तारांखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्याला पिकअप म्हणतात. वरची तार छेडली की पिकअपमधून चिमूटभर करंट निघतो. पूर्वी तो मोठ्या अँप्लिफायरमध्ये जायचा आणि त्याच्या स्पीकरपुढं माइक ठेवून रेकॉर्ड करायचं. आता अँप्लिफायर खोलीत नसतोच, तो कॉम्प्युटरच्या आत असतो. गिटारची वायर वीतभर डबीत घालायची, डबी कॉम्प्युटरला जोडायची. आतला प्रोग्रॅम त्या चिमूटभर करंटला पटवतो की तू आत्ता एका जुन्या, तापलेल्या, कपाटाएवढ्या अँप्लिफायरमधून बाहेर पडतोयस. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. मला कळतो असं मी गिऱ्हाइकांना सांगतो, पण शपथ घ्यायला लावू नका.

गोम एकच आहे. पिकअपला आपलं-परकं कळत नाही. ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, जे आसपास असेल ते तो उचलतो. आणि गिटारचा तो फाटका, कडक आवाज हवा म्हणून प्रोग्रॅममधला गेन, म्हणजे आवाजाचा जोर, वाढवला की सुरासोबत हा कचराही फुगतो. वाजवणारा थांबला की मागून एक लांबलचक 'घुं...' ऐकू येते. बाटलीत माशी अडकल्यासारखी.

बिद्रीकडचे एक काका निवृत्तीनंतर गिटार शिकले होते. त्यांच्या वाजवण्यामागं माशी नाही, मोहोळच होतं. मी वायरी बदलल्या, दिवे घालवले, काकांना अंधारात बसवलं. मोहोळ तसंच. शेवटी पायाशी ठेवलेल्या त्यांच्या आवाज बदलायच्या पेडलकडं लक्ष गेलं. त्या पेडलमध्येही एक कॉम्प्युटरी अँप्लिफायर होता आणि तो चालू होता. म्हणजे त्यांचा अँप्लिफायर माझ्या अँप्लिफायरच्या पोटात ओरडत होता. तो बंद केला आणि खोली शांत झाली. काका मात्र हिरमुसले. "पावणं, दुकानदार म्हणालता चालूच ठेवा, आवाज मोठा येतोय. आता माझा आवाज कुठं गेला?"

दुसरे एक साहेब. टेकच्या, म्हणजे चालू रेकॉर्डिंगच्या, मधेच 'टिक टिक टिर्र' यायचं. हा आवाज जुन्या साध्या मोबाइलचा असतो. म्हटलं, मोबाइल बाहेर ठेवा. त्यांनी ठेवला. परत टिर्र. मी त्यांच्याकडं बघत राहिलो, ते भिंतीकडं. मग मोज्यातून दुसरा मोबाइल निघाला. "घरी बोलू नका," म्हणाले. आम्ही आवाज शोधतो, बाकी आमचं काम नाही.

असल्या खोटी सापडतात. जिच्यासाठी हे लिहायला घेतलं ती घुं सापडत नव्हती.

चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडे दिवस झाले होते. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर असायचे, वॉकर धरून मोजकं चालायचे. घरचा कारभार त्यांचा मुलगा सलीम बघायचा. हायवेला त्याचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. बोलायला कडक, हिशोबाला चोख. स्टुडिओ कसाबसा चालला होता आणि एका कुरिअरवाल्याला आमची रस्त्याकडची खोली गोदामासाठी हवी होती. त्याच वेळी पुण्याच्या एका संगीतकार बाईंचं काम आलं. एका मालिकेच्या शीर्षकगीताचं गिटार. त्यांचा आवडता वादक अक्षय मुरगूडचा, त्याला पुण्याला जाण्यापेक्षा आम्ही जवळ.

जेवताना सलीमनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "अब्बा, हे पुण्याचं काम नीट झालं तर मागनं आणखी येईल. मग राहू दे स्टुडिओ. बिघडलं तर खोली कुरिअरला. गजूभाऊचं काय, त्याला कुठंबी काम मिळंल की."

गजूभाऊ म्हणजे मी. माझा घास तोंडातच फिरत राहिला. कुठंबी म्हणजे कुठं?

अक्षय मोटारसायकलवर पाठीला गिटार लावून आला. सुंदर वाजवलं. मी पाठवून दिलं. बाईंचा फोन आला, "गजानन, वादन छान आहे. पण मागे घुं आहे, आणि शांत जागी फार कळते. शुक्रवारी मी मिक्सिंगला बसतेय. तोवर स्वच्छ टेक मिळाला नाही तर इथेच कुणाकडून तरी वाजवून घेईन. राग मानू नका."

राग कसला, मला डोळ्यापुढं कुरिअरवाला दिसायला लागला.

मी वायरी बदलल्या. डबी बदलली. अक्षयची गिटार ठेवून दुसरी मागवली. पिकअप ठरावीक दिशेला धरला की कधी कधी घुं कमी होते, म्हणून अक्षयला खुर्चीसकट फिरवला. पूर्वेला तोंड, दक्षिणेला तोंड, कपाटाकडं पाठ.

"गजूभाऊ," तो म्हणाला, "वास्तुशांत करायलायस काय?"

मग संशय शेजारच्या पाटीलमामांवर गेला. त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. जाऊन म्हटलं, "मामा, जरा मशीन बंद ठेवाल का?"

"सकाळपासनं मशीनला हात लावला न्हाय," मामा खाटेवर उठून बसले. "झोपलोय दिसत न्हाय व्हय? का माझ्यावर पाळत ठेवलायस?"

परत येऊन मी पळवाट काढली. नॉइज गेट नावाचा एक दरवाजा प्रोग्रॅममध्ये असतो. वादक थांबला की तो आपोआप लागतो आणि मागची घाण आत कोंडतो. तो लावून पाठवलं. बाई म्हणाल्या, "घुं गेली, पण सुराची शेपटीही गेली. प्रत्येक नोट मान मुरगळल्यासारखी संपतेय." खरं होतं. ऐकताना मलाही तेच वाटलं होतं, तरी पाठवलं.

त्या दुपारी मला सलीम आठवला.

चाचा दवाखान्यात होते तेव्हा सलीम दोन माणसं घेऊन मागच्या परड्यात काहीतरी फोडत होता. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाला, "तू तुझं काम बघ की." नंतर बघितलं तर भिंतीला ओल्या सिमेंटचं ठिगळ होतं. त्याच भिंतीच्या बुडाशी आमच्या घराचा अर्थिंगचा पाइप जमिनीत जातो. भजनवाल्यांच्या माइकमागं कधी घुं आली नव्हती. पण माइकची वायर मुळात असला कचरा फारसा आत घेत नाही. फाटक्या आवाजाच्या गिटारमागंच तो ऐकू येतो, आणि सलीमनं फोडाफोडी केल्यापासून गिटार आज पहिल्यांदाच आली होती. मी एकेक गोष्ट जोडत गेलो आणि माळ पुरी झाली. खोली कुणाला हवी? कुरिअरला. स्टुडिओ बिघडला तर फायदा कुणाचा?

हे मी अक्षयला बोललो. त्यानं डोळे मोठे केले. "म्हंजे सलीमभाईनं मुद्दाम केलं म्हणतोस?"

"मी तसं म्हणत नाही."

"म्हणायलायस की मर्दा! आणि मालकाच्या पोराला तोंडावर विचारणार कोण? मी न्हाय हां. मला मुरगूडला जायचंय."

नेमका तेव्हाच आईचा फोन. माझ्या आवाजावरून तिला काहीतरी लागलंच. "येऊन जाय ना बावा आता घरी," ती म्हणाली. "किती दिवस लोकायच्या घरी राहतं?" लोकांचं घर. एवढ्या वर्षांत तो शब्द मला कधी टोचला नव्हता. त्या दिवशी टोचला.

मी चाचांच्या खाटेपाशी गेलो. "चाचा, मला वाटतं कुणीतरी मागं हात लावलाय."

"कुणीतरी म्हंजे?"

मी मागच्या दाराकडं बघितलं.

चाचांनीही दाराकडं बघितलं. "आधी वायर," म्हणाले.

"सगळ्या वायरी बघितल्या."

"वाजवणाऱ्यानं तारांना हात लावला की घुं कमी होतीया?"

"हो, होते. हात काढला की वाढते."

"मग ती घुं जमीन शोधायल्या. माणसाच्या अंगातनं जायला बघतीया. सगळ्या वायरी बघितल्यास म्हणतोस, जमिनीत गेलेली बघितलीस?"

तीन पिनांच्या प्लगमधली जाडी पिन अर्थिंगची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तिची वायर घराबाहेर जाऊन एका पुरलेल्या पाइपाला जोडलेली असते. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. यंत्रांमधून गळणारा चुकार करंट त्या वाटेनं मातीत जातो. वाट तुंबली की तो कॉम्प्युटरच्या पत्र्यावर, डबीवर, गिटारच्या तारांवर रेंगाळत राहतो. आमच्या भाषेत तीच घुं.

चाचांनी बल्ब लावायला सांगितला. होल्डरला दोन वायरी, एक करंटची, दुसरी अर्थिंगची. (हे जुन्या कारागिरांचं काम आहे, घरी करून बघू नका.) अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो. परड्याच्या खिडकीत मी तो लावला. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला.

आता चाचाही वॉकर धरून मागच्या दारात आले होते. मी पाइपावरची फरशी उचलली. आत भुसभुशीत कोरडी माती, वर मुंग्यांची रांग.

"असं कसं?" चाचा म्हणाले. "ह्या खड्ड्याला मी कधी पाणी घातलं न्हाय. कधी लागलंच न्हाय. ही जागाच ओली. म्हणून तर इथं पुरला."

तेवढ्यात सलीम दुकानातून जेवायला आला. भिंतीवरचं ते सिमेंटचं ठिगळ आणि तो, दोन्ही एकदम समोर दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सलीमभाई, तुम्ही इथं काय फोडलं होतं?"

माझा स्वर त्याला कळला. अक्षय गिटार घेऊन दोन पावलं मागं सरकला.

"नळ हुता हितला, त्यो काढला," सलीम म्हणाला. "का? काय म्हणायचंय तुला?"

"मग मला त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? डॉक्टर म्हणाले, म्हातारा घसरून पडला तर पाय जाईल. हितं शेवाळ केवढं हुतं. अब्बा हट्टी, नळ दिसला की इथंच येणार. म्हणून आत न्हाणीत नळ घेतला, स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला दांडी लावली. तुला सांगितलं असतं तर तू अब्बांना सांगितलं असतंस. पोटात काय ठरतंय तुझ्या?"

मग चाची पदराला हात पुसत पुढं आल्या, खड्ड्यात वाकून बघितलं आणि चाचांकडं वळल्या.

"जागा ओली म्हणं! अहो, ओली का हुती? तुम्हीच की. इथं बसून पाच वेळ वजू करत हुता. सगळं पाणी खड्ड्यातच जायचं."

वजू म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं. चाचा ते वर्षानुवर्षं त्या नळाखाली करत आलेले. पहाटे, दुपारी, संध्याकाळी. आमच्या स्टुडिओचं अर्थिंग त्या पाण्यावर चाललं होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. खड्डा खणणाऱ्या चाचांनाही नाही. ऑपरेशननंतर ते न्हाणीत स्टुलावर बसायला लागले, वर कडक उन्हाळा, माती सुकली.

चाचींनी घागर आणली आणि ओतली. माती सूं सूं करत पाणी पीत राहिली. दुसरी घागर मी आणली. आम्ही सगळे खिडकीतल्या बल्बकडं बघत होतो. लाल होता तो पिवळा झाला. मग पांढरा. मग अक्षय ओरडलाच, "आयला, पेटला की!"

चाचा दाराला टेकून हसत होते. सलीम नव्हता हसत. तो बापाच्या गुडघ्याकडं बघत होता.

लगेच आत जाऊन आम्ही टेक घेतला. अक्षय थांबला, शेवटचा सूर लांबत लांबत गेला आणि संपला. त्याच्यामागं काही नव्हतं. हेडफोनमध्ये इतकं शांत मी क्वचितच ऐकलंय. बाईंनी शुक्रवारच्या आत "आलं, मस्त" एवढाच निरोप पाठवला. मग त्यांचं दुसरं काम आलं. कुरिअरवाल्यानं पलीकडच्या गल्लीत जागा घेतली.

सलीमला मी काय बोलणार होतो? शब्द जुळवत होतो तोवर दुसऱ्या सकाळी तोच माझ्या खोलीच्या दारात. "कोळसा आणि मीठ आणायचंय, खड्डा नव्यानं भरायचाय. मोठी पिशवी हाय काय?"

मोठी पिशवी एकच होती. मी ती खाटेखालून ओढली आणि त्याच्यासमोर उलटी केली. दोन शर्ट, पँट, टॉवेल.

"हे काय? गावाला निघालतास?"

"नाही. असंच."

त्यानं कपड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "येडं हाय हे," म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला. परत आली ती आतून-बाहेरून काळीकुट्ट. धुऊन काही उपयोग झाला नाही. ती आता परड्यात कोळशाचीच असते. माझे शर्ट खुंटीला.

आठवड्याभरात सलीमनं परड्यात खरखरीत फरशी बसवली, शेवाळ धरू नये म्हणून. दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या, मधे बसायला कट्टा आणि नळ परत जागेवर, बरोबर खड्ड्याच्या वर. "तुझ्या गिटारसाठी न्हाय हां," मला बजावलं, "अब्बांच्या गुडघ्यासाठी."

आता दुपारच्या नमाजाआधी मागं नळ सुटतो. स्टुडिओच्या भिंतीला कितीही गाद्या ठोकल्या तरी तो आवाज माइकमध्ये येतोच. नवखा गायक असेल तर दचकून विचारतो, "काय झालं? का थांबवलं?"

"पाणी पडतंय," मी म्हणतो. "होऊ द्या."

नळ बंद होतो. चाचांचा वॉकर टक टक करत आत जातो. मग मी रेकॉर्डचं बटण दाबतो.